उकळून प्या

माझा मोठा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. ख्रिस्ती झाल्यापासून तो म्हणायचा, "लोकांना वर पोहोचवणं हा माझा जुनाच धंदा," आणि स्वतःच खो खो हसायचा. पण त्या वर्षी हसलं की त्याला दम लागू लागला. वाळलेल्या स्पंजासारखी त्याची फुप्फुसं आतून कडक होत चालली होती. औषध नव्हतं. मी विज्ञान शिकलेली, म्हणून डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन हे सांगितलं. दादाला ते आधीच कळलं होतं.

त्याला स्वतःची भीती नव्हती. माझी होती. माझ्या पश्चात हिचं कसं होणार, ही काळजी कुठल्याही भावाला असते. दादाची जरा वेगळी होती : हिच्या पश्चात हिचं कसं होणार?

रोज संध्याकाळी प्रयोगशाळेतून मी थेट त्याच्याकडे जायची. वहिनी चहा ठेवायच्या, खाटेजवळ ऑक्सिजनचं यंत्र घुरघुरत असायचं, आणि दादा विचारायचा, "मग? आज काय ठरलं?"

"काही नाही ठरलं."

"बरं. उद्या विचारतो."

पूर्वी आमचे कडाक्याचे वाद व्हायचे. तो माझ्या पर्समध्ये येशूची पत्रकं सरकवायचा, मी त्यांच्या कोऱ्या पाठीवर आकडेमोड करायची. आता वादाला लागणारा श्वास त्याच्याकडे नव्हता. उरला होता फक्त तो प्रश्न.

मी पाणी तपासते. नळाचं पाणी जांभळ्या द्रावणात घालून नळ्या उबेला ठेवायच्या. पाण्यात मैल्यातले जंतू असले तर द्रावण पिवळं पडतं आणि आतल्या उलट्या छोट्या नळीत वायूचा बुडबुडा धरतो. पक्की खात्री व्हायला पुढच्या चाचण्या लागतात, पण आमच्यात तोवर थांबत नाहीत. आधी लोकांना सांगायचं, उकळून प्या. खात्री मागून.

त्या आठवड्यात एका वस्तीच्या नळ्या पिवळ्या झाल्या. एरवी कर्णा लावलेली गाडी फिरते, पण ती नेमकी गॅरेजमध्ये होती. म्हणून मी आणि आमचे ड्रायव्हर दारोदार निघालो.

पहिल्या दारातून आतूनच आवाज आला, "आम्हाला काही घ्यायचं नाही!" दुसरीकडे एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "बाई, तुमच्या जन्माआधीपासून पितोय हे पाणी. मेलो का?" ड्रायव्हर माझ्या मागे पुटपुटले, "अजून तरी नाही." बऱ्याच जणांनी मान डोलावली. पटलं म्हणून नव्हे, मी लवकर जावं म्हणून.

एका दारात कडेवर मूल घेतलेली तरुण बाई होती. माझं ऐकता ऐकता तिने कपाळाला आठ्या घातल्या.

"तुम्हीच ना त्या, परवा देवाची पुस्तकं वाटत होतात?"

"त्या वेगळ्या. मी पाणी खात्यातली."

"सगळे सारखेच. आधी घाबरवायचं, मग आपलं घोडं दामटायचं." ती आत गेली, पेला भरून आणला आणि माझ्यासमोर अर्धा प्यायली. "हे बघा. झालं काही?"

"लगेच होत नाही हो. आणि मोठ्यांपेक्षा लहान मुलांना..."

तिने उरलेला पेला मुलाच्या ओठांना लावला. माझा हात आपोआप पुढे गेला आणि तसाच मागे आला. दुसरीच्या लेकराच्या तोंडचा पेला मी कोणत्या अधिकाराने ओढणार होते? मूल घटाघटा प्यायलं. हनुवटीवरून पाणी ओघळलं. दार लागलं.

"सांगितलं ना मॅडम? आपलं काम झालं," ड्रायव्हर म्हणाले. "चला."

संध्याकाळी दादाने विचारायच्या आधीच मी हे सगळं सांगितलं. 'देवाची पुस्तकं' ऐकून तो इतका हसला की खोकल्याची उबळ आली.

"हसवू नका हो त्यांना," वहिनी त्याची पाठ चोळत म्हणाल्या.

"माझ्याकडे पुरावा होता, दादा," मी म्हणाले.

"तिला दिसला?"

"तिला कसा दिसणार? तो प्रयोगशाळेत."

"मग तिला काय दिसलं? दारात उभी असलेली एक घामाघूम बाई. बस." तो दम खात थांबला. "मी लिफ्टच्या खड्ड्यात पडलो होतो, आठवतं? पाय मोडून पडलो होतो तेव्हा आमच्यातला तो तोतरा मेकॅनिक रोज यायचा. येशूबद्दल सांगायला. नुसतं 'येशू' म्हणायलाच त्याला घाम फुटायचा. आधी मला हसू यायचं. मग वाटलं, ज्याला कँटीनमध्ये चहा मागायचं जिवावर येतं, तो हे उगाच नाही बोलत."

"हा पुरावा नाही."

"नाहीच. पण त्याने सांगितलं म्हणून माझा जीव वाचला, असं मला वाटतं. आता मी गप्प बसू?" पुन्हा दम. "लोकांना वाटतं आम्हाला डोकी मोजायची असतात. असतीलही काही जण तसले. आणि 'जा आणि सांगा' अशी आज्ञा आहे, ती आहेच. पण तुझ्या साहेबांनी पाठवलं नसतं, तर तू आज गेली नसतीस?"

गेले असते.

"सांगितलं, काम झालं. हे तुझ्या ड्रायव्हरला जमतं. तुला जमलं?"

"नाही."

"मग मला कसं जमेल? तू तर माझी बहीण."

यंत्र घुरघुरत राहिलं. मी विचारलं, "मी हो म्हटलं तर तुला बरं वाटेल?"

"खूप."

"मग म्हणते हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत ज्याची वाट पाहिली ते समोर आलं होतं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"खोटं?"

"तुझ्यासाठी."

"नळ्या न बघता पाणी चांगलं आहे म्हणून सही करशील?"

"नाही."

"मग मला कशाला देतेस असलं?"

मी असत्य बोलू शकत नव्हते आणि विश्वास ठेवू शकत नव्हते. विश्वास ठरवून ठेवता येत नाही. मी प्रयत्न करून पाहिला होता, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. त्याला तो देता येत नव्हता, मला घेता येत नव्हता. वहिनी उठून रिकामे कप घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी मी एकटीच त्या बाईकडे पुन्हा गेले. बेल वाजवली. आतून ती कोणाला तरी म्हणाली, "आली बघ ती पाणीवाली." दार उघडलं नाही. मी बाहेरूनच ओरडले, "मुलाचं तरी उकळा!" उत्तरादाखल आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. भांडी घासायला असेल. प्यायलाही असेल. मी बंद दारासमोर उभी राहून ऐकत होते, आणि पेल्याचा आवाज येतो का याकडे कान लावून होते.

पुढच्या चाचण्यांतही जंतू निघाले. ते सांगायलाही मी त्या बाईकडे गेले. दाराला कुलूप होतं. मूल कसं आहे ते शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं.

त्यानंतर दादा झपाट्याने ढासळला. तोंडावर मास्क आला. एका संध्याकाळी मी गेले, चहा झाला, वहिनींनी उशी सारखी केली, आणि त्याने विचारलं नाही. छताकडे बघत पडून राहिला. मी वाट पाहिली. माझं उत्तर तयार होतं, नेहमीचंच. तरी निघायची वेळ झाली तेव्हा माझे पाय उचलेनात. आपल्याला कोणी सोडून दिलं की काय होतं, ते मला त्या खोलीत समजलं.

"दादा," मी म्हटलं, "विचार ना."

त्याने मान वळवली. हाताने मास्क खाली ओढला.

"अहो, काढू नका," वहिनी म्हणाल्या.

"मग," तो म्हणाला. बराच वेळ नुसता श्वास. कपाळावर घाम डवरला. "आज... काय..." पुन्हा श्वास. "ठरलं?"

"काही नाही ठरलं, दादा."

त्याने मान हलवली. "बरं," म्हणाला. पुढचं बोलायला ओठ उघडले, पण श्वास पुरला नाही. वहिनींनी मास्क वर चढवला.

"उद्या विचार," मी म्हटलं.