बिघाडाची वही

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला एक खोड असते. बिघाडाचं कारण सापडेपर्यंत त्याला अन्न गोड लागत नाही. आमच्या या मिस्त्रीचंही तसंच. पण स्वतःची आठ वर्षांची लेक, घरातली भिंगरी, अचानक का भडकते हे काही केल्या त्याला उमगेना. वर्गात पुस्तकं फेकायची, बाईंना चावायची आणि मग टेबलाखाली जाऊन बसायची. शाळेने सांगून टाकलं होतं, तीन महिन्यांनी शुक्रवारी बैठक आहे, तेव्हा डॉक्टरांचा कागद आणि काहीतरी उपाय दाखवा, नाहीतर दुसरी शाळा बघा. दुसऱ्या दोन शाळांनी तर आधीच हात वर केले होते.

मग या पठ्ठ्याने काय करावं? कामावर बिघाडांची ठेवतात तशी वही सुरू केली. तारीख, वेळ, बिघाड. बाईंना रोज विचारून लिहायचा: ‘मंगळवार, १०:४०, डबा फेकला.’ तीन महिने थांबून डॉक्टरांची वेळ मिळाली, तोवर साठ पानं भरली.

बायको म्हणाली, "अहो, ही वही आहे की पोरीवरचा खटला?"

तो पुढची ओळ लिहीत राहिला.

बैठकीच्या आठवड्यात, सोमवारी, डॉक्टरीणबाईंनी सगळी पानं शांतपणे वाचली. भिंगरी तोवर वजनकाट्यावर चढत-उतरत होती.

"आणि ती बरी कधी असते?" त्यांनी विचारलं.

मिस्त्री गोंधळला. "ते नाही लिहिलं. लिफ्ट नीट चालली तर आम्ही लिहीत नाही हो. चालू लिफ्टसाठी कोण फोन करतंय?"

"साठ पानांत मला बिघाडच भेटले. तुमची मुलगी कुठे भेटली नाही."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरगी गाणी रचते, मुंग्यांना वाट करून देते, यातलं एक अक्षर त्याने लिहिलं नव्हतं.

त्याने तीन दिवस रजा टाकली. मोठ्या मॅडमच्या, म्हणजे मुख्याध्यापिकेच्या हातापाया पडून वर्गात मागच्या बाकावर बसायची परवानगी काढली. बाक इतका बुटका की गुडघे हनुवटीला! नव्या वहीत एक रकाना जास्त होता: ‘त्याआधी काय झालं?’

पहिला तास त्याला जांभया आल्या. ‘९:०० ते ९:४०, चित्र काढते, गुणगुणते.’ मग बाई म्हणाल्या, "चला, वह्या मिटा!" आणि रंगपेटी उडाली. बुधवारी मात्र वाचनालयात जायचं हे बाईंनी सकाळीच सांगून ठेवलं होतं, तर पोरगी सगळ्यांच्या आधी रांगेत उभी! तीन दिवसांत पाच भडके उडाले, आणि पाचही वेळा हातातलं काम अचानक बदललेलं. मिस्त्रीने कपाळावर हात मारला. कुठला मजला येतोय हे दाखवणारा दिवा बंद पडला, तर धडधाकट लिफ्टमध्येही माणसं घाबरतात. हे तो वीस वर्षं बघत होता की!

शुक्रवारी सकाळी डॉक्टरीणबाईंनी त्या वहीवरूनच कागद लिहून दिला. तास बदलण्याआधी पाच मिनिटं सांगायचं, दिवसाच्या कामांची चित्रं भिंतीवर लावायची, रोज दोन तास मदतनीस बाई द्यायची, आठवड्यातून एकदा दवाखान्यात यायचं.

"जादूची कांडी नाही हां ही," त्यांनी बजावलं. "भडके कमी होतील, बंद होतीलच असं नाही."

बैठकीत मोठ्या मॅडमनी कागद वाचला, मग वही वाचली. भिंगरीची आई पदराचं टोक पिळत बसली.

"वर्ष संपेपर्यंत करून बघू," मॅडम म्हणाल्या. "ती इथेच राहील."

बाहेर आल्यावर मिस्त्री बाकावर बसला आणि ढसाढसा रडला. बाहेर थांबलेल्या भिंगरीने त्याच्याकडे निरखून पाहिलं. मग त्याच्या हातातली वही ओढून घेतली, भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि जीभ बाहेर काढून वाकड्यातिकड्या अक्षरांत लिहिलं:

‘शुक्रवार, ११:१०. बाबा रडले. त्याआधी काय झालं? मॅडम हो म्हणाल्या.’

थोडा विचार करून तिने खाली आणखी एक ओळ लिहिली.

‘बिघाड नाही.’