तिरितासची शेवटची ताटली

किनाऱ्यावरच्या टपरीपुढच्या बाकावर बसून एउलालियाबाईंनी ताटलीवर आणखी एक लिंबू पिळलं आणि मान वळवून हॉटेलच्या दिशेला नीट पाहून घेतलं. ओळखीचं कोणी नव्हतं. मग त्यांनी तिरितासमधल्या कच्च्या माशाच्या पट्ट्या, कांदा आणि हिरवी मिरची तोस्तादावर, म्हणजे मक्याच्या कुरकुरीत पोळीवर, रचली आणि डोळे मिटून घास घेतला. मिरची थेट नाकात चढली. त्यांना फार बरं वाटलं.

मुलीला त्या चर्चला जाते म्हणून सांगून आल्या होत्या. मारिक्रूस इस्पितळाच्या प्रयोगशाळेत कामाला. उघड्यावरचा पदार्थ दिसला की तिला त्यात जंतूच वळवळताना दिसत. त्यातून आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. म्हणून सिवातानेखोला समुद्रावर आणून तिनं आईला रोज हॉटेलातली उकडलेली कोंबडी आणि गाजरं चारली होती.

"चाबेला, तिरितास आहेत का अजून?" मागून कोणी तरी विचारलं.

"एकच ताटली उरलीय, तीही या बाईंनी सांगून ठेवलीय," टपरीवाली चाबेला कांदा चिरता चिरता म्हणाली. "त्यांनाच विचार."

एउलालियाबाईंनी वळून पाहिलं. जावई उभा होता, एरिबेर्तो. लग्नाला सात वर्षं झाली, पण या दोघांचं बोलणं नाताळच्या शुभेच्छांपुढे कधी सरकलं नव्हतं.

एरिबेर्तोनं टोपी काढली, पुन्हा घातली.

"सासूबाई. प्रार्थना लवकर आटोपली वाटतं."

"पाद्रीबाबांना घाई होती. तुम्ही गाडीच्या चाकांत हवा भरायला गेला होतात ना?"

"भरली."

"चारही?"

"जादाच्या चाकातसुद्धा."

बाईंनी बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. तो बसला. चाबेलानं ताटली दोघांच्या मधोमध ठेवली.

"तुमचं ते युरिक अ‍ॅसिड?" बाईंनी विचारलं.

"तुमचं ते पित्ताशय?"

"ते काढून टाकलंय. आता त्याला काय व्हायचंय."

मग दोघांनी तोस्तादे मोडून खायला सुरुवात केली. जावई मोठमोठ्या पट्ट्या आपल्या बाजूला सारतोय, हे बाईंच्या ध्यानात आलं. त्यांनी मिरचीचं भांडं त्याच्याकडे सरकवलं.

"मारिक्रूस तुम्हाला कायमचं राहायला बोलावते," तो समुद्राकडे बघत म्हणाला. "तुम्ही येत नाही."

"ती बोलावते. तुम्ही कुठं बोलावता?"

एरिबेर्तोनं बोटांना लागलेला लिंबाचा रस हळूहळू पुसला.

"मला वाटायचं, मी आहे म्हणूनच तुम्ही येत नाही."

बाईंनी ताटलीतली शेवटची पट्टी त्याच्यापुढे केली.

"घ्या. गार होईल."

"हे गारच असतं, सासूबाई," तो म्हणाला आणि त्यानं ती खाल्ली.

संध्याकाळी हॉटेलात उकडलेली कोंबडी आली. दोघांनीही तिला हात लावला नाही. मारिक्रूसनं आधी आईच्या कपाळाला हात लावून पाहिला, मग नवऱ्याच्या.

"तुमचं दोघांचं जेवण पार तुटलंय. इथली हवा मानवत नाहीये. उद्याच निघू या आपण."

"नको," एरिबेर्तो ताटात बघत म्हणाला. "आईंना इथलं चर्च आवडलंय."

आईला काय आवडतं हे नवऱ्याला कधीपासून कळायला लागलं, अशा नजरेनं मारिक्रूस त्याच्याकडे पाहत राहिली. एउलालियाबाईंनी गाजराचा एक तुकडा ताटभर फिरवून पुन्हा जागच्या जागी आणून ठेवला. मग सहज आठवण झाल्यासारखं त्यांनी विचारलं,

"का गं, तुमच्या तोलूकाच्या घरापासून बाजार किती लांब?"

मारिक्रूसचा काटा हातातच राहिला. आई घराबद्दल असं पहिल्यांदाच विचारत होती.

"पाच मिनिटं, चालत," एरिबेर्तोच उत्तरला. "आणि मारिक्रूस सहाच्या आत कधी घरी येत नाही."