ती म्हणाली, ताठ बस

मिस डाल्टनने मला सरळ विचारलं होतं, "आत्ता ती पोरीशी काय बोलली?" आणि मी सरळ खोटं बोलले. पुढे जे काही सांगणार आहे ते या एका खोट्याभोवतीच आहे. म्हणून ते आधीच सांगून टाकते.

मी सांता मारियातल्या एका शाळेत दुभाषी आहे. चौदावं वर्ष चालू आहे. आमच्या शाळेत स्ट्रॉबेरी खुडणाऱ्यांची मुलं शिकतात. त्यांच्या आईबापांना इंग्रजी येत नाही, शाळेतल्या गोऱ्या बायकांना स्पॅनिश येत नाही, आणि मधे मी. मी कॉलेजचं तोंड पाहिलेलं नाही. ब्रोकोली भरायच्या शेडमध्ये उभी असताना मुकादमाने टाकून दिलेली वर्तमानपत्रं डब्याच्या सुट्टीत वाचून इंग्रजी शिकले. त्यामुळे माझी जीभ जरा तिखट आहे आणि मला तिचा अभिमान होता.

वर्षातून दोनदा मी शाळांच्या समुपदेशकांना शिकवायला उभी राहायची. त्यांना झापायचीच म्हणा. "तुमच्या पुस्तकात लिहिलंय 'लॅटिनो समाज'. जणू आम्ही म्हणजे एका गोणीतले बटाटे! आई समोर बसली की आधी कागद काढू नका. प्रवास कसा झाला विचारा, जेवली का विचारा, गाव कुठलं ते विचारा." सगळे माना डोलवायचे, लिहून घ्यायचे, शेवटी टाळ्या. मला त्या टाळ्या आवडायच्या.

आणि मला कोणी विचारलं, "ग्रिसेल्दा, तुझं गाव कुठलं?" तर मी सांगायची, सिनालोआ, सीमेपलीकडच्या आमच्या देशाचं उत्तरेतलं राज्य.

मी सिनालोआची नाही. मी दक्षिणेतल्या वाहाकाची, मिश्तेक आदिवासींच्या डोंगरातली. आईला शेवटपर्यंत स्पॅनिश आली नाही, फक्त आमची डोंगरातली भाषा, मिश्तेको यायची. मी सहा वर्षांची असताना आम्ही टोमॅटोच्या कामाला उत्तरेकडे सान किंतिनला आलो. तिथल्या शाळेत पोरं मला 'वाहाकीता' म्हणायची. शब्द ऐकायला गोड आहे, वाहाकाची छोटीशी, एवढाच अर्थ. पण म्हणतात थुंकल्यासारखा. बुटकी, काळी, डोक्याने बंद, असं सगळं त्यात येतं. एकदा मास्तरांनी वर्गासमोर माझ्या आईच्या बोलण्याची नक्कल केली. पोरं हसली. मीही हसले. त्या दिवसापासून आई तिच्या भाषेत विचारायची आणि मी स्पॅनिशमध्ये उत्तर द्यायची. तिला माझी उत्तरं कळत नव्हती. तशीच गेली ती.

शाळेच्या कचेरीत मारिक्रूस बसते. ती हालिस्कोची, उंच, गोरी. वाहाकाच्या बायका दारात दिसल्या की तिला चेव यायचा. "ग्रिसेल्दा, ये गं बाई, तुझं गिऱ्हाईक आलं. चौघी मिळून एका खुर्चीत मावतील बघ!" मी हसायची. तोही नोकरीचाच भाग असल्यासारखी हसायची.

लिस्बेत नावाच्या पोरीच्या प्रवेशाचा अर्ज तिच्या आईसाठी मीच भरला होता. 'घरची भाषा' या रकान्यात मी विचारल्याशिवाय स्पॅनिशवर खूण केली. शेजारीच 'इतर' असा चौकोन होता. त्या बाईचं एक वाक्य ऐकलं की कळत होतं, ही स्पॅनिश उसनी आहे. मला तर कुणापेक्षाही जास्त कळत होतं. पण तो चौकोन भरला असता तर पुढचा प्रश्न आला असता: मग हिच्याशी बोलणार कोण?

लिस्बेत सात वर्षांची. चौदा महिन्यांत शाळेत एक शब्द बोलली नव्हती. बाईंशी नाही, पोरींशी नाही, संडासला जायचं असलं तरी नाही. जिल्ह्याच्या कचेरीतून एक बाई तपासायला आल्या. त्यांनी चित्रं दाखवली, पोरीने ओठ उघडले नाहीत, त्यांनी शून्य मांडलं. मग नोव्हेंबरात बैठक ठरली: हिला नेहमीच्या वर्गात ठेवायचं, की मागच्या इमारतीत, बुद्धीची वाढ थांबलेल्या मुलांच्या वर्गात पाठवायचं.

एपिफानिया, म्हणजे लिस्बेतची आई, शेतातूनच आली होती. बुटांना चिखल, पाठीशी शालीत बांधलेलं तान्हं. वय फार तर सव्वीस. खुर्चीच्या टोकावर बसली, लिस्बेत शेजारी. समोर मिस डाल्टन ही समुपदेशक, त्या तपासणीवाल्या बाई, आणि टिपणं घ्यायला मारिक्रूस. मिस डाल्टन बाई वाईट नाही, हे आधीच सांगते. तिने माझ्या शिकवणीप्रमाणे आधी जेवण विचारलं, बाळाचं नाव विचारलं.

"मुलगी घरी बोलते का?"

मी स्पॅनिशमध्ये विचारलं. एपिफानिया जमिनीकडे बघत म्हणाली, "थोडं."

"तिचं वागणं कधी बदललं? घरात काही घडलं का?"

"नाही, बाई."

"आम्हाला वाटतं, तिला छोट्या वर्गात जास्त मदत मिळेल. तुम्हाला चालेल?"

"हो, बाई."

मग ती पोरीच्या बुटाची नाडी बांधायला वाकली आणि हळूच मिश्तेकोत बोलली. तिचं गाव आमच्या गावाच्या दोन डोंगर पलीकडचं असावं. एखाददुसरा शब्द वेगळा होता, बाकी लख्ख कळलं. ती म्हणाली, "शहाणी माझी ती. अशीच गप्प राहा. इथे बोललीस तर बाबाला नेलं तसं मलाही नेतील. घरी गेल्यावर बोल हवं तेवढं."

पोरीने मान हलवली. म्हणजे ती मुकी नव्हती आणि मंदही नव्हती. चौदा महिने, एकदाही न चुकता, ती आईचं ऐकत होती. मोठ्या माणसाला जमणार नाही ते एवढीशी पोर करत होती.

तेव्हा मिस डाल्टनने विचारलं, "आत्ता ती पोरीशी काय बोलली?"

दुभाष्याचा नियम असा की खोलीत जे बोललं जाईल ते सगळं सांगायचं. मी तोंड उघडलं. मारिक्रूसची पेन्सिल थांबली होती, ती माझ्याकडे बघत होती. बघण्यात काही नव्हतं, पुढचं वाक्य लिहायचं म्हणून बघत होती. आणि मी म्हणाले, "ती म्हणाली, ताठ बस."

घरी जाताना गाडीत मला एक छान कारण सापडलं. म्हटलं, मी त्या बाईला वाचवलं. कागदपत्रं नाहीत म्हणून नवऱ्याला हद्दपार केल्याचं शाळेच्या कागदावर आलं असतं तर? पण ते कारण गाडीत सापडलं होतं. खोलीत माझ्या डोक्यात फक्त मारिक्रूसची पेन्सिल होती.

एपिफानियाने सही केली, एकेक अक्षर कोरत.

मागच्या इमारतीत माझं काम कमी असायचं. फेब्रुवारीत एकदा कसलीशी चिठ्ठी द्यायला गेले तर खिडकीतून लिस्बेत दिसली. तिच्यापुढे चमचे आणि काटे मिसळलेली पेटी ठेवली होती. वेगवेगळे करायचे, हा त्या दिवशीचा धडा. तिने ते बघता बघता वेगळे केले. हात मांडीवर ठेवून बसली. कोणी आलं नाही. मग तिने स्वतःच सगळे पुन्हा मिसळले आणि पुन्हा वेगळे करायला लागली. वेळ जायला हवा ना.

मधल्या सुट्टीत ती कुंपणाजवळ एकटी उभी होती. मी जवळ गेले. तीस वर्षांत त्या भाषेतला शब्द माझ्या तोंडून निघाला नव्हता. म्हणाले, "थंडी वाजत नाही का गं तुला?"

मला वाटलं होतं, तिला बरं वाटेल. मूर्ख मी! ती पांढरी पडली. दोन्ही हात तोंडावर गेले, जणू तीच चुकून बोलली होती. मग पळाली. तिच्याकडे लपायला एकच जागा होती, आणि मी आत डोकावून म्हटलं होतं, मला दिसतेस तू.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शनिवारी मी तिच्या घरी गेले.

एका घराच्या मागचं गॅरेज. पडदे लावून तीन कुटुंबं राहत होती. एपिफानिया तव्यावर तोर्तिया, म्हणजे मक्याच्या भाकऱ्या, टाकत होती. मला बघून हात थांबले नाहीत. मिश्तेकोत म्हणाली, "ये. कोणाची तू?"

आमच्यात असंच विचारतात. नाव नंतर.

"तोमासाची. सान इसिद्रोच्या खालच्या वाडीतली." शब्द असे निघत होते, जणू दगड उकरतेय.

"बस, मावशी." तिने खोकं उलटं करून दिलं, पुढ्यात घेवड्याची वाटी आणि तोर्तिया ठेवल्या. लिस्बेत पडद्याआडून एका डोळ्याने बघत होती. "बुधवारी पोरगी धावत आली. म्हणते, शाळेतल्या त्या बाईला आपलं बोलणं येतं. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या दिवशी तू सगळं ऐकलंस, तरी नवऱ्याचं बाहेर पडू दिलं नाहीस. आम्हाला शोधत कोणी आलं नाही. देव तुझं भलं करो. मी हिला सांगतेय, घाबरू नकोस गं, ती आपलीच आहे. पण ऐकत नाही. म्हणते, एकीला कळतं तर सगळ्यांनाच कळत असणार."

त्या घासावर मी उठून गेले असते तरी चाललं असतं. तिच्या लेखी मी भली बाई राहिले असते.

तिनेच पुढे विचारलं, "मावशी, तो कागद जादा शिकवणीचाच होता ना?"

मी सांगितलं तो कसला होता. वाढ थांबलेल्या मुलांचा वर्ग म्हणजे काय तेही सांगितलं. चमच्यांचंही सांगितलं.

"चमचे?" तिला आधी हसूच आलं. "चमचे ती चार वर्षांची असल्यापासून लावते! अगं, बसच्या पाट्या तीच वाचते मला. बाळाच्या औषधाच्या बाटलीवरचं वाचते. कुठे शिकली देव जाणे, वर्गात बसून नुसतं ऐकून." मग हसू गेलं.  "नवऱ्याचं सांगायला नको होतंसच. पण पोरीला बोलता येतं, एवढं तरी का नाही सांगितलंस?"

किती साधं होतं ते. तीन शब्द. मला ते अकरा वर्षांच्या अनुभवाने सुचले नव्हते, किंवा सुचू दिले नव्हते.

"लाज वाटली," मी म्हणाले.

"कसली?"

"कोणाला कळेल याची. की मी तुझ्यासारखी आहे."

 माझ्यापुढची वाटी तिने उचलली नाही, आमच्यात पाहुण्यापुढचं अन्न उचलत नाहीत. पण तव्याखालचा गॅस बंद केला. पिठाचे चार गोळे तसेच राहिले.

मी घाईघाईने म्हणाले, "सोमवारी तिला घेऊन ये. मी सगळ्यांसमोर सांगते. पुन्हा तपासायला लावते, आपल्या भाषेत. तुला कोणी काही करणार नाही, मी बसेन शेजारी."

"हो, बाई," ती म्हणाली. स्पॅनिशमध्ये.

सोमवारी सकाळी मी मिस डाल्टनच्या खोलीत उभी राहिले आणि सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. "अकरा वर्षं?" एवढंच विचारलं. मी तयारीने गेले होते, ती ओरडली असती तर मीही ओरडले असते, तुम्ही गोरे, तुमचे रकाने, तुमच्या तपासण्या. तिने ती सोय ठेवली नाही. कपाटातून फेरतपासणीचा अर्ज काढला आणि म्हणाली, "आईची सही लागेल. चल."

बाहेर पडताना मारिक्रूसने अडवलं. तिने दारातून ऐकलं होतं. "तू वाहाकाची? मग मी इतकी वर्षं जे बोलत होते..."

"हो. आणि मी हसत होते."

ती लाल झाली. दारातून बाजूला झाली. 

गॅरेजमध्ये पडद्यामागे मोकळी फरशी होती. शेजारीण म्हणाली, काल दुपारी गेली दोन्ही पोरं घेऊन, दोन पिशव्या होत्या. कुठे? कोणाला ठाऊक. ओरेगॉन असेल, वॉशिंग्टन असेल. फोन होता तो बंद लागला.

आता अर्जातल्या त्या रकान्यावर मी विचारल्याशिवाय खूण करत नाही. आमच्या बायकांशी आमच्या भाषेत बोलते, कचेरीच्या मधोमध उभी राहून, मोठ्याने. त्याचा लिस्बेतला काडीचा उपयोग नाही.

तिची फाईल आमच्याकडेच आहे. आत शून्य मांडलेली तपासणी आहे, आईची कोरलेली सही आहे, आणि दुभाषी म्हणून खाली माझी सही आहे. त्यावर मी तीन पानांचं पत्र टाचून ठेवलंय: ही मुलगी बोलते, वाचते, तिला वर्गात परत घ्या, चूक माझी. नवीन शाळेने फाईल मागवली की पत्रही जाईल. दर सप्टेंबरात मी दप्तर सांभाळणाऱ्या बाईला विचारते, कोणी मागवली का? ती म्हणते, नाही. तीन सप्टेंबर झाले.

मागवली नाही म्हणजे कदाचित ती कुठेतरी कोऱ्या पाटीने बसली असेल, तिच्यावर शून्याचा शिक्का नसेल, आणि माझ्या पत्राची गरजच पडली नसेल. किंवा मग ती शाळेतच गेली नसेल. दहा वर्षांची झाली असेल आता. या दोन्हीतलं कुठलं खरं, ते सांगणारं कोणी नाही, आणि मला विचारायची जागा एकच आहे. मी विचारत राहते.