वरची बाजू

बाईंनी रंगाने भरलेला पेला कॅनव्हासवर पालथा घातला, त्याच्या बुडावर एक टिचकी मारली आणि तो अलगद वर उचलला. निळा, पांढरा, करडा आणि थोडासा तांबूस असे सगळे रंग एकमेकांत गुरफटत बाहेर आले आणि मधोमध पसरले.

“धरा,” बाई म्हणाल्या.

टेबलाच्या पलीकडे उभ्या असलेल्या त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, आपल्याकडचे दोन कोपरे धरले.

“माझ्याकडे येऊ द्या. अजून. बास, बास! आता तुमच्याकडे. अहो हळू, सांडेल ना सगळं.”

“सांडतंच आहे की,” काका म्हणाले. आपल्या पायजम्यावर ओघळणाऱ्या निळ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. त्यांचं लक्ष बाईंच्या हनुवटीवर होतं. ती जिकडे कलेल तिकडे कॅनव्हास कलत होता.

काकांची सगळी नोकरी गोदीत क्रेन चालवण्यात गेली होती. खालच्या माणसाने हात वर केला की उचलायचं, मूठ मिटली की थांबायचं. क्रेनवाल्याने स्वतःचं डोकं चालवलं तर दुसऱ्या कुणाचं तरी फुटतं, असं ते म्हणायचे. घरीही तोच कायदा चालला. बाई ठरवत, काका उचलत, आणि संसार बिनबोभाट पार पडला. बाईंच्या शाळेतली मुलं त्यांना ‘बाईंचे काका’ म्हणत. त्यात त्यांना कधी काही कमी वाटलं नव्हतं, उलट नाव विचारलं तरी ते तेच सांगत.

बाईंनी शाळेत चित्रकला शिकवली. मुलांची चित्रं वर्षानुवर्षं भिंतीवर लावली, स्वतःचं मात्र कधी कुठल्या भिंतीवर लागलं नाही. निवृत्त झाल्यावर त्या म्हणाल्या, रेषा पुष्कळ झाल्या, आता रंग ओतून बघू. मोठा कॅनव्हास एकटीने कलवता येईना म्हणून काकांना हाक मारली, आणि काका जे आले ते मग हललेच नाहीत. रंग खिरीसारखा घट्ट झाला की ताकासारखा पातळ, हे ते आता नुसत्या ढवळण्यावरून ओळखत. बाईंना या गोष्टीचा भारी अभिमान होता, पण तो त्यांनी काकांना कळू दिला नव्हता.

त्या दिवशीचं चित्र जमलं. रंग कडेपर्यंत गेले, आणि जाताना मध्ये अशा काही जाळ्या सोडून गेले की दोघंही कोपरे धरून उभेच राहिले.

“ठेवा आता,” बाई हळूच म्हणाल्या. “याला हात लावायचा नाही.”

ओतलेलं चित्र वाळेपर्यंत सपाट जागी आडवं ठेवावं लागतं, आणि घरात तेवढी सपाट जागा एकच, जेवणाचं टेबल. चार पालथ्या वाट्यांवर चित्र मधोमध विराजमान झालं. एका टोकाला बाईंचं ताट, दुसऱ्या टोकाला काकांचं. जेवता जेवता दोघं चित्राकडे बघत, आणि भाजीत मीठ नाही हे कुणाच्याच ध्यानात येत नसे.

पुढे ते ग्रंथालयाच्या हॉलमधल्या प्रदर्शनासाठी निवडलं गेलं. शहरातल्या आजी-माजी कलाशिक्षकांचं प्रदर्शन होतं. बाईंच्या जुन्या शाळेतले एक सर फोनवर म्हणाले, “रंग ओतायचे आणि काय होतंय ते बघायचं, यात तुमचं काय हो?”

“ओतून बघा एकदा,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चित्रं टांगण्याच्या दिवशी दोघं ते जुन्या चादरीत गुंडाळून घेऊन गेले. शिडीवर चढलेल्या माणसाने ते उघडलं, इकडून तिकडून फिरवलं आणि विचारलं, “वरची बाजू कुठली?”

“ही,” बाई म्हणाल्या.

“ही,” काका म्हणाले.

दोघांची बोटं समोरासमोरच्या कडांवर होती. शिडीवरच्या माणसाने एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. बाईंना हसू आलं. “अहो, हे पांढरं वर हवं ना. वरून खाली उतरत येतंय ते.”

काकांनी कडेवरचं बोट काढून घेतलं. “ती सांगते तसं,” ते त्या माणसाला म्हणाले आणि चादरीची घडी घालायला लागले. ती घडी त्यांना नीट जमेना.

चित्र बाईंच्या बाजूने लागलं. काका लांब उभे राहून “छान, छान” म्हणाले.

संध्याकाळी ते दूध आणायला गेले तेव्हा त्यांचा फोन घरीच वाजला. मुलीचा असेल म्हणून बाईंनी घेतला, तोवर बंद झाला, आणि पडद्यावर काकांनी लावलेला फोटो दिसला. चित्राचाच होता, पण काकांच्या खुर्चीतून काढलेला. हाच फोटो त्यांनी दूधवाल्याला, शेजाऱ्यांना, गोदीतल्या जुन्या दोस्तांना दाखवला होता. “हिने काढलंय,” असं सांगत.

बाई खुर्चीत बसल्या. फोटोत निळं वर होतं. खालचं पांढरं उकळी आलेल्या दुधासारखं वर चढत होतं आणि त्या निळ्यात शिरून मोकळं होत होतं. चित्र उलटं करून बघा म्हणजे खरं काय ते दिसतं, हे त्यांनी प्रत्येक वर्गाला सांगितलं होतं. आपलं मात्र त्यांनी रोज एकाच खुर्चीतून पाहिलं होतं. त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त आनंद झाला.

काका दूध घेऊन आले तेव्हा फोन जागच्या जागी होता.

उद्घाटनाला बाई आधीच निघून गेल्या. काका मागून आले, इस्त्रीच्या सदऱ्यात, केस पाणी लावून बसवलेले. हॉलमध्ये गर्दी होती. भिंतीकडे लक्ष जाताच ते थबकले आणि तरातरा जाऊन त्यांनी शिडीवाल्या माणसाला गाठलं.

“अहो, आमचं चित्र उलटं लागलंय! बाईंना कळायच्या आत फिरवा!”

“उलटं नाही लागलेलं,” मागून बाई म्हणाल्या. “मी सकाळी येऊन फिरवून घेतलं.”

“अगं, पण तुझी बाजू...”

“तुमची जास्त चांगली आहे.”

काकांनी सदऱ्याचं गळ्याचं बटण लावलं, परत काढलं. चित्रासमोर फोनवर बोललेले ते सरच उभे होते, हात मागे बांधून, आणि बऱ्याच वेळापासून उभे असावेत.

“बाई, हे वर चढत जाणं तुम्हाला कसं सुचलं?” त्यांनी विचारलं.

“मला नाही सुचलं, यांना दिसलं,” बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज वर्गातल्यासारखा शेवटच्या बाकापर्यंत गेला. “आम्ही दोघांनी केलंय हे. मला तर ते उतरताना दिसत होतं.”

सरांनी वळून काकांकडे नीट पाहिलं. फोटोग्राफर पुढे आला आणि काकांना म्हणाला, “काका, जरा बाजूला व्हा, चित्रकारांचा फोटो घ्यायचाय.” काका सवयीने सरकायला लागले. बाईंनी त्यांची बाही धरली.

“ते बाजूला झाले तर अर्धाच फोटो येईल.”

दोघं चित्राच्या दोन बाजूंना उभे राहिले. फोटोग्राफरने हसायला सांगितलं. ओठ न हलवता काका पुटपुटले, “पुढच्या चित्राला मात्र मी आधीच सांगणार. आणि तू ऐकलं नाहीस तर भांडणार.”

बाईंना इतकं हसू फुटलं की फोटोत त्यांचे डोळे मिटलेलेच आले.