धुतलेला कोट

तिसरं बटण मूळचं नव्हतं. बाकीची तपकिरी, हे काळं, पांढऱ्या दोऱ्यानं शिवलेलं — आणि आज त्याच्या चारही भोकांत बर्फ भरलेला. तिनं नखानं खरवडून पाहिलं, निघेना. अख्खा कोटच दोरीवर गोठून फळकुटासारखा ताठ झाला होता, बाह्या दोन्हीकडे पसरून, आणि अंगणात अजून पुरतं उजाडलं नव्हतं, आणि गोठ्यात गायी हंबरायला लागल्या होत्या, आणि कोटाला येत होता तो फक्त साबणाचा वास. हे आपण काय करून बसलो, असं तिच्या मनात आलं. आणि लगेच, तितक्याच कंटाळून, की जाऊ दे, झालं ते झालं.

या घरात धारेचा कोट धुवायचा नसतो. शेण उडालं तर वाळल्यावर झटकायचं, दूध सांडलं तर ओल्या फडक्यानं टिपायचं, पण पाण्यात घालायचा नाही. सासूबाईंना तो त्यांच्या सासूकडून आला होता. देताना एक पूर्ण हिवाळा दोघींनी तो आळीपाळीनं घालायचा — सकाळची धार एकीनं काढायची, संध्याकाळची दुसरीनं — म्हणजे एकीचा वास दुसरीच्या वासात मुरत जातो आणि हात कधी बदलला ते गायींना कळतही नाही. किती शहाणपणाची रीत! फक्त सासूबाई त्या हिवाळ्यापर्यंत थांबल्या नाहीत. पानगळीच्या दिवसांत साधं तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात सगळं आटोपलं. मागे राहिला कोट, आणि त्या कोटात एकटीच शिरलेली मी… काखेत सैल, खांद्याला घट्ट.

मग काल तो कपड्यांच्या ढिगात गेला कसा? चादरी होत्या, बाबांचे, म्हणजे सासऱ्यांचे, मोजे होते, नवऱ्याची गोठ्यातली विजार होती, आणि पाणी गरम होतं. दिवसभरात तेवढंच काय ते गरम — त्यात कोपरापर्यंत हात बुडवून ती उभी होती, डोळे मिटत होते, हात आपला काम करत होता… आणि मध्येच बोटांना ते काळं बटण लागलं. तेव्हाच काढता आला असता. निम्मा तरी वाचला असता. पण तिनं काढला नाही, उलट वर आणखी साबण चोळला. दमले होते, दुसरं काय! — असं तिनं काल स्वतःला सांगितलं होतं, आज पुन्हा सांगितलं, आणि तिला ते काही केल्या पटेना.

कारण थोरलीचा निकाल आज लागायचा होता.

गायी पाच. चौघी गरीब, कुणीही बसा, देतात. थोरली तशी नाही. थोरलीनं पान्हा चोरला की बाकीच्याही बिथरतात, पाय झाडतात, निम्म्यावर आखडतात. कोटाच्या आधारानं ती आजवर कसंबसं अर्धं दूध सोडत आली होती, तेही रोज थोडं कमी. शेवटी बाबांनीच जेवताना विषय काढला. "सूनबाईच्या हाताला थोरली लागली तर जनावरं ठेवू," म्हणाले, "नाही लागली तर व्यापाऱ्याला सांगा. पाचही ने म्हणावं. गायी गेल्यावर मग इथे बसून करायचं तरी काय, आपण सगळेच तुमच्या त्या शहरात जाऊ." 'तुमच्या त्या शहरात' हे तिच्याकडे बघून. शहर तिचं नव्हतं, धाकट्या बहिणीचं होतं, पण तिनं कधी ते दुरुस्त केलं नाही. व्यापाऱ्याला तसं सांगूनही ठेवलं होतं, तो उद्या सकाळी गाडी घेऊन यायचा होता.

तर सकाळी ती स्वतःच्या स्वेटरमध्ये थोरलीपाशी बसली. थोरलीनं मान वळवली, एक मोठा श्वास आत घेतला, आणि मान पुन्हा गव्हाणीकडे नेली. संपलं. कास भरलेली, गरम, टणक, आणि सड नुसते चामड्याचे. बादलीच्या तळाशी चार थेंब वाजले. पलीकडच्या दोघींनीही मग नखरे केलेच.

"दिलं का गं?" नवरा दारातून म्हणाला, दोन्ही काखांत पेंढ्या धरून.

"नाही."

"अजिबात नाही?"

"नाही म्हटलं ना."

त्यानं घसरणारी पेंढी सावरली. त्याच्या तोंडावर काय होतं ते अंधारात तिला दिसलं नाही, आणि पुढे होऊन बघावं एवढी ताकदही नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी या माणसाला काय हवंय ते मला ओळखता येत नाही, किंवा त्याला काही हवंच नाहीये. 'मला काय, कुठेही राबायचंच,' एवढंच तो म्हणतो, आणि पेंढ्या टाकून पुढच्या कामाला लागतो.

तीही लागली. टाकीवरचा बर्फ कुदळीच्या दांड्यानं फोडला. तुकडे बाहेर काढले नाहीत तर पुन्हा चिकटतात, म्हणून हातानं काढले. शेण ओढलं. ढकलगाडीचं चाक नेहमीच्या ठिकाणी रुतलं, नेहमीची शिवी दिली, गाडी निघाली. हिवाळ्यात शेतात काम नसतं असं लोकांना वाटतं. या म्हणावं एकदा! उन्हाळ्यात काम निदान संपल्यासारखं दिसतं, गंजी उभी राहते, शेत रिकामं होतं. हिवाळ्यात रोज तेच पाणी वितळवायचं आणि रोज तेच गोठायचं.

मध्येच धाकटीचा फोन. शिवणाचं दुकान आहे तिचं, वर एक खोली रिकामी झाली आहे. "ताई, खिडकी पूर्वेला आहे गं. बिछान्यात पडल्या पडल्या ऊन येतं." पडल्या पडल्या! ऊन येईपर्यंत माणूस बिछान्यात असतं, ही कल्पनाच तिला गुदगुल्या झाल्यासारखी वाटली. मशीनवर बसायचं, पाय कोरडे, दुपारी दाराला कडी. "ठरलं की सांग," धाकटी म्हणाली. "उद्या सांगते," ती म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की आपण हसतोय.

ती तशीच हसत घरात शिरली आणि बाबा दिसले. शेगडीपाशी बसले होते, मांडीवर कोट. त्यांनीच तो दोरीवरून काढून आणला असणार. वितळून त्याचं पाणी त्यांच्या विजारीवर गळत होतं, ते त्यांना कळत नव्हतं. कॉलर नाकाशी धरून ते हुंगत होते — मग बाही, मग काखेजवळची शिवण, मग खिशाचं अस्तर बाहेर ओढून ते. सावकाश, एकही जागा न सोडता.

"धुतलास होय," ते म्हणाले.

"चुकून गेला, बाबा. ढिगात."

"असू दे. मळला होताच." आणि अस्तर पुन्हा आत सारत, तिच्याकडे न बघता, "खिशात तरी तिचा वास राहील असं वाटलं होतं."

ओरडायचं तरी होतंत! — तिला इतकं वाईट वाटलं, की तिनं उगाच बटाट्याचं भांडं जोरात आदळलं. गायीचा विचार केला होता, व्यापाऱ्याचा केला होता, पूर्वेच्या खिडकीचासुद्धा केला होता. रोज संध्याकाळी आपण गोठ्यातून आलो की हा म्हातारा दाराजवळची खुर्ची का धरून बसतो, हे आपल्या कधी ध्यानातच आलं नाही.

आणि बाबांचं तरी किती मनाला लावून घ्यायचं? सासूबाईंनी मला थोरलीपाशी कधी बसू दिलं? "तू चुलीचं बघ." एवढंच. मी दारात कोमट पाणी घेऊन उभी, आणि आत त्या थोरलीच्या कुशीला कपाळ टेकून बोलतायत — माझी बाय ती, दमलीस का गं, थंडी वाजते का — अशा आवाजात, की मला वाटायचं, या बाईला हा आवाज आहे? मग तो घरात का नाही येत? मला ताप भरला होता तेव्हा का नाही आला? गायीचा हेवा वाटायचा मला. सांगितलं तर लोक हसतील, पण वाटायचा.

दिवस कलला तशी ती पुन्हा गोठ्यात गेली. कोट ओलाच होता, तो घालण्याचा प्रश्न नव्हता. शेवटची वेळ, घटकाभर बसायचं, उठायचं, 'नाही दिलं' म्हणायचं. सोपं होतं. ती स्टुलावर बसली, आणि बसल्यावर पाठीतून असा काही शीण उतरला, की मान उभी राहीना. कपाळ थोरलीच्या कुशीला लागलं. ऊब होती. तिनं सडांना हात लावला तो केवळ लावायचा म्हणून.

"नको देऊस," ती पुटपुटली. "बरंच होईल. मला काही हौस नाही बाई तुझी. थंडीनं बोटं फुटलीत, ही बघ. ती गेली निघून, तिला काय! मला विचारलं का कुणी, तुला जमेल का म्हणून? बरं, तुला तरी कुणी विचारलंय… तुलाही कुठे सांगितलं कुणी, की ती आता येणार नाही…"

इथे तिचा आवाज फुटला. आणि थोरलीनं एक लांब सुस्कारा सोडला, मागचा पाय जरा बाजूला घेतला, आणि कास सैल झाली. एकदम. तळव्याखाली सड भरून आले, आणि पहिली धार बादलीच्या तळावर इतकी मोठ्यानं वाजली, की ती दचकली.

नको, नको, आत्ता नको! — तिनं बादली तिरपी केली, धार काठावर घेतली, म्हणजे दूध आवाज न करता आत घसरेल. ते घसरत होतं, जाड, दोन्ही हातांनी आवरेना इतकं. कुणी पाहिलं नव्हतं. हात काढून घेतला, बादली चौघींच्या दुधात ओतली, की कुणाला कळणार होतं? व्यापारी येईल, गाडीची फळी खाली पडेल, आणि परवा ऊन येईपर्यंत आपण पडून राहू… तिनं ती खिडकी डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. दिसला तो भलताच गोठा, नीट बांधलेला, उजेडाचा, आणि थोरलीच्या कुशीला कपाळ टेकून बसलेली कुणी अनोळखी बाई, तिच्याशी हळू आवाजात बोलणारी. आणि तो जुना हेवा भसकन पेटला.

दारात पावलं वाजून थांबली. "काय गं," नवरा बाहेरूनच म्हणाला, "देतेय का?" आणि या वेळी त्याच्या आवाजात काहीतरी होतं, त्याला काहीतरी हवं होतं, पण कोणतं उत्तर हवं होतं ते तिला याही वेळी कळलं नाही.

"बघते अजून," ती म्हणाली.

पावलं तिथेच राहिली. तिला थोरलीचा राग आला — सकाळी दिलं नाहीस, काल धड दिलं नाहीस, आणि आत्ता, मी जायला निघाल्यावर! — इतका राग, की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता.