पुरून उरलेली लोकर

विणकामानं मन शांत होतं असं ज्यानं कुणी सांगून ठेवलंय, त्याच्या हातात मी माझ्या सुया देणार आहे आणि म्हणणार आहे, बस, एक गळा विणून दाखव, मग बोलू. मी तीन वर्षं विणतेय. शांत एक दिवस झाले नाही.

मुळात मी बसणाऱ्यातली नाही. पोस्टात होते तेव्हाही उभ्या उभ्याच टपाल लावायची. खुर्ची मिळाली होती, पण तिच्यावर माझी पर्स बसायची. आमचे हे मला भिंगरी म्हणतात. लग्न झाल्यापासून म्हणतात, त्यामुळे आता रागही येत नाही. भिंगरीच्या हातात सुया म्हणजे माकडाच्या हाती कोलीत, हे मलाही कळत होतं. तरी घेतल्या, आणि त्याला कारण ताई.

ताई माझी मोठी बहीण. आधी तिचा चष्मा हरवायचा, मग गॅस चालू राहायला लागला, मग स्वतःच्या मुलांच्या नावांची अदलाबदल. शेवटी मी गेले होते तेव्हा तिनं मला पाणी दिलं, खुर्ची पुढे केली आणि अगदी अदबीनं विचारलं, "कुणाकडे आलात आपण?" जन्मभर मला 'ए कार्टे' म्हणणारी बाई. आईचंही शेवटी तेच झालं होतं. त्या दिवशी घरी येऊन मी रडले आणि यांना म्हटलं, आता पुढचा नंबर माझा. लेक फोनवर म्हणाली, "आई, हात आणि डोकं दोन्ही गुंतेल असं काहीतरी कर. मोजावं लागेल असं." शब्दकोडी करून पाहिली, पण कोडं घालणाऱ्याचाच राग यायला लागला. मग विणकाम.

पहिला मफलर एका टोकाला पट्ट्याएवढा आणि दुसऱ्या टोकाला टॉवेलाएवढा झाला. मधे टाके कुठून वाढत गेले, देव जाणे. पहिली टोपी घरातल्या कुणाच्याच डोक्यात जाईना, तेव्हा यांनी ती किटलीवर चढवली आणि चहा गरम राहतो म्हणून कौतुक केलं. हे बोलून चालून लिफ्टचे मिस्त्री. जुन्या इमारतींच्या लिफ्ट उघडण्यात जन्म गेला. अंदाजानं बोलणं यांना माहीतच नाही. डब्यात स्क्रू किती आहेत विचारलं, तर 'आहेत बरेच' असं उत्तर यांच्याकडून यायचं नाही, आकडाच येणार. आता निवृत्त झाल्यावर मिक्सर उघड, घड्याळ उघड, चालतं कुलूपसुद्धा उघड. उघडल्याशिवाय माणसाला चैन नाही.

नाही म्हणायला बरे दिवसही येतात. सुई आपोआप पळते, सुलट-उलट, सुलट-उलट, आणि मी ताईचा विचार न करता चांगली वीतभर पुढे गेलेली असते. मग कुठेतरी खाली एक टाका सुटलेला दिसतो आणि सगळं उसवा. शिवाय माझा राग विणीत उतरतो. यांच्या स्वेटरच्या पाठीत एक पट्टा असा घट्ट बसलाय की बोट आत जात नाही. त्या दिवशी शेजारीण गच्चीच्या किल्लीवरून भांडली होती. जरा खाली वीण एकदम सैल आहे, तेव्हा लेक चार दिवस राहायला आली होती.

हा स्वेटर यांच्यासाठी. राखाडी लोकर, दुकानातल्या त्या रंगाच्या शेवटच्या लडी. लोकरवालीनं तेव्हाच बजावलं होतं, "बाई, अंगाला पुरेल, बाह्यांना पुरेलच असं नाही. कमी पडली तर अगदी हाच रंग परत मिळायचा नाही." झालं, माझ्या डोक्याला तेवढंच हवं होतं. पाठ झाली, पुढचा भाग झाला, बाही सुरू केली, आणि मी विणण्यापेक्षा उरलेल्या लोकरीकडेच जास्त बघायला लागले. उठता बसता पिशवीत हात घालून गुंडा चाचपायचा.

आणि लोकर संपेना. विणतेय, विणतेय, गुंडा आहे तसाच. मी यांना म्हणाले, "बघा, म्हणे पुरायची नाही. माझ्या हाताला बरकत आहे." हे म्हणाले, "आहेच." एरवी हा माणूस माझी एवढी स्तुती ऐकून घेणारा नाही, दोन टोमणे मारल्याशिवाय घास उतरत नाही घशाखाली. मला वाटलं, वय झालं, निवळले.

यांचं अजून एक बदललं होतं. मी बाजाराची पिशवी घेऊन बाहेर निघाले की विचारायचे, "किती वेळ लागेल?" इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं. आणि एकदा बाहीचं माप घ्यायला मी टेप शोधत होते, तर टेप सापडायच्या आधीच यांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात पुढे केला, कोपर सरळ, मनगट वर.

"थट्टा करताय?" मी म्हणाले.

"नाही गं. लागणारच ना हात."

मी माप घेतलं आणि पुढे विणायला बसले. पण लोकर आता त्रास द्यायला लागली होती. तार सरळ येईना, सुईवर नागमोडी होऊन बसायची, टाका एक लहान एक मोठा. आधीची वीण पाण्यासारखी आणि ही अशी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला गिऱ्हाईक समजून कुणीतरी जुना माल गळ्यात मारला होता. सकाळीच तार तोडून गुंडा उचलला, यांना सांगितलं की दुकानात जाऊन मग बँकेत जाईन, वेळ लागेल, आणि निघाले.

लोकरवालीनं माझं सगळं भांडण ऐकून घेतलं. मग चष्मा लावला, गुंड्याची तार बोटांमधून हातभर ओढली आणि उजेडाकडे धरली.

"ही विणून उसवलेली लोकर आहे," ती म्हणाली. "एकदा विणली की तारेला असे वळसे पडतात. धुऊन वजन लावून वाळवली तर जातात. ही कुणी घाईत तशीच गुंडाळलीय."

"तेच म्हणतेय मी. उसवलेला माल विकलात मला."

"बाई, मी तुम्हाला लडी दिल्या होत्या, कागदी पट्टीसकट. गुंडे तुम्ही घरी केलेत." तिनं गुंडा माझ्या हातात ठेवला. "घरी कोण कोण असतं?"

"आम्ही दोघंच."

"मग एक तर तुम्ही उसवताय, नाहीतर ते."

ती सहज बोलली. मी मात्र दुकानाबाहेर आले आणि मला पुढे पाऊल टाकवेना. एक तर तुम्ही. मी रात्री उसवत असेन आणि सकाळी विसरत असेन? ताई असंच करायची, कपाट लावायची, परत उपसायची, परत लावायची, आणि कपाट कुणी उपसलं म्हणून घरादारावर ओरडायची. बँक राहिली बाजूला. मी चालायला लागले आणि चालता चालता स्वतःची परीक्षा घेतली. पोस्टातली कप्प्यांची अख्खी भिंत, वरच्या ओळीपासून, कुठली गल्ली कुठल्या कप्प्यात. सगळी आली, एक कप्पा चुकला नाही. परत म्हटली, उलटीकडून. तीही आली.

मग मी नाही. मग हेच. एकदम हायसं वाटलं आणि हायसं वाटल्याबरोबर राग आला. मिक्सर झाला, घड्याळ झालं, आता माझं विणकाम उघडायला घेतलं होतं या माणसानं. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ते हे. घराच्या पायऱ्या मी कशा चढले मला माहीत नाही.

मी आवाज न करता दार उघडलं. हे जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. समोर माझी पिशवी, मांडीवर सुईवरून काढलेली बाही, आणि खुर्चीच्या पाठीभोवती लोकर गुंडाळणं चाललं होतं. एकेक ओळ सुटत होती आणि यांचा हात शांतपणे फिरत होता.

"सापडला चोर," मी म्हणाले.

यांनी वर पाहिलं. दचकले नाहीत. "लवकर आलीस."

"लाज नाही वाटत? मी इथे डोळे फोडून विणतेय आणि तुम्ही मागून उसवताय. लोकरवालीशी भांडून आले मी, तिला चोर ठरवून आले. काय मिळतं तुम्हाला यातून? बोला ना."

"बस जरा."

"बसणार नाही."

मी पिशवी ओढली आणि टेबलावर उपडी केली. आतून पाठ पडली, पुढचा भाग पडला, आणि बाही पडली. मग अजून एक बाही. दोन्ही पूर्ण, टोकाचे टाके बंद केलेले, एकीवर एक ठेवली तर बरोब्बर तेवढ्याच. मी त्या दोघींकडे पाहिलं आणि मग यांच्या मांडीवरच्या बाहीकडे पाहिलं.

"ही कुणाची?" मी विचारलं.

यांनी फिरता हात थांबवला.

"अहो, ही कुणाची? दुसरी बाही मी परवा सुरू केली. एक झाली, मग दुसरी घेतली."

"दुसरी झाली होती गं," हे म्हणाले. "मागेच झाली."

मी खुर्ची ओढली आणि बसले.

"असं किती वेळा झालं?"

हे लोकरीकडे बघत राहिले. "झालं असेल एकदोनदा."

मला तेव्हा खरं कळलं. या माणसानं आयुष्यात 'एकदोनदा' हा शब्द वापरलेला नाही. याला आकडा माहीत होता आणि तो मला सांगवत नव्हता.

"मला सांगितलं का नाही?"

"सुरुवातीला दोन्ही बाह्या पिशवीत अगदी वर ठेवायचो. म्हटलं, तुला दिसतील. तू त्या बाजूला सारून सुया काढायचीस आणि टाके घालायला घ्यायचीस." हे बोलताना यांचा हात लोकरीवरून सुटला नव्हता. "एकदा बोलणार होतो. पण त्या दिवशी तू ताईंना भेटून आली होतीस."

"म्हणून उसवत बसलात?"

"लोकर कमी होती ना. लोकर संपली असती तर तुला कळलं असतं."

मी उठले. स्वयंपाकघरात गेले, परत आले, गॅलरीत गेले, परत आले. यांच्यावर ओरडावंसं वाटलं, ओरडले. म्हटलं, मला काय लहान पोर समजता, उद्या मी तुम्हाला खुर्ची देऊन कुणाकडे आलात विचारीन तेव्हाही अशीच लोकर गुंडाळत बसणार आहात का. हे म्हणाले, "बसेन." मला भीती वाटत होती, आणि त्यातच या माणसाबद्दल इतकी माया दाटून आली की तिचाही मला संतापच आला.

"डॉक्टरकडे जायचं," मी शेवटी म्हणाले. "उद्याच. आणि लेकीला मी सांगणार, तुम्ही नाही."

"बरं."

"आणि या दोन बाह्या आत्ताच्या आत्ता अंगाला जोडायच्या. स्वेटर पुरा झाला की तिसरी करायला जागाच राहणार नाही."

"बरं," हे म्हणाले आणि त्यांनी दाभणात लोकर ओवायला घेतली. माझ्या हातून ओवली गेली नसती.

जोडायच्या आधी बाही यांच्या हाताला लागते की नाही ते बघायला हवं, म्हणून मी टेप घ्यायला ड्रॉवरकडे वळले. ड्रॉवरमध्ये टेप वरच होता. घेऊन वळले तर यांचा हात पुढे झालेला, कोपर सरळ, मनगट वर. मी नुसती बघत उभी राहिले. त्या हाताला सगळं पाठ होतं.

"दुखत नाही हात?" मी विचारलं.

"नाही."

मी टेप खांद्याला लावला आणि मनगटापर्यंत आणला. आकडा मोठ्यानं वाचला, म्हणजे दोघांनाही ऐकू जावा.

"लक्षात ठेवाल?" मी म्हणाले. "उद्या विचारीन."

"विचार," हे म्हणाले, आणि हात तसाच पुढे धरून ठेवला.