खांबावरचा दोरा

आठवड्यात दोनदा हिल्काची गाडी सकाळी बर्फासारखी गार निघाली होती. पार्किंगमधल्या खांबाच्या सॉकेटला इंजिन गरम करणाऱ्या हीटरची केबल लावलेली, टायमर पहाटे पाचचा, तरी इंजिन थंड! चाळीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला हीटर लावायला कोणी शिकवायला नको. म्हणजे रात्री कोणीतरी केबल काढून सकाळी परत लावत होतं. आणि बॉनेटपाशी बर्फात पावलं होती, शेजारच्या ताइस्तोच्या बुटांची.

कारणही होतं. इमारतीच्या सॉनातली, म्हणजे सामायिक वाफेच्या न्हाणीतली, ताइस्तोची शुक्रवारची वेळ हिल्काने पटकावली होती. तेव्हापासून तो जिन्यात मान वळवून जायचा.

"एवढ्यासाठी कोणी असं करेल का गं?" तिचा नवरा अर्मास म्हणाला.

"तू गप्प बस. उद्या तुझं डायलिसिस आहे."

संध्याकाळी तिने प्लग खांबाला काळ्या दोऱ्याने बांधला, कोणी उपटला तर दोरा तुटेल असा. चोर सापडायलाच हवा. आणि जाता जाता ताइस्तोच्या गाडीची केबल उपटली. जशास तसे!

सकाळी उणे चौतीस अंश. दोरा जसाच्या तसा, इंजिन मात्र गारच. हिल्का चरकली. तिने टेस्टर लावला, वीज येत होती. बॉनेट उघडून हात फिरवला, तर हीटरपाशी चटका आणि वरचा पाइप थंडगार. गरम पाणी फिरतच नव्हतं. शरदात इंजिनातलं पाणी, म्हणजे कूलंट, तिने स्वतःच बदललं होतं, मेकॅनिकचे पैसे कशाला म्हणून. आत अडकलेली हवा काढायची तेवढी राहिली होती.

"कळलं का?" मागून ताइस्तो म्हणाला. "सगळ्यांच्या बॉनेटवरचं हिम वितळतं, तुझ्या नाही. मी हात लावून बघायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझ्याशी? सॉनावरून डोकं खाल्लंस तेवढं पुरे." त्याने किल्ली पुढे केली. "ने माझी गाडी. गरम असेल."

दारातल्या बाकावर घोंगडीत गुंडाळलेला अर्मास वाट बघत होता. हिल्काला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तीही गार आहे. काल मीच केबल काढली."

ताइस्तोने किल्ली परत खिशात टाकली. मग त्याने आपली केबल सॉकेटला लावली.

"दोन तास लागतील. दवाखान्यात फोन कर," तो म्हणाला. "आणि उशीर का होतोय, ते अर्मासला तू सांग."